दुमडलेला डोह

दरवर्षी बाबा नदीवर जायच्या आधी नदीच घरी यायची.

म्हणजे असं, की पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीशी सरकायचं, खुर्च्या एकमेकींच्या डोक्यावर चढून बसायच्या, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर ती जुनी निळी चादर अंथरली जायची. धुऊन धुऊन तिचा निळा रंग पार उडाला होता. खिडकीकडचं टोक म्हणजे उगम. स्वयंपाकघराच्या दाराकडचं टोक म्हणजे डोह. मधे बाबा तळहाताने सुरकुत्या पाडत जायचे. हा धबधबा, हे मोठं वळण, ही खडकांची रांग. इथे पाणी गुडघ्याला, इथे छातीला. मग माळ्यावरून सामान उतरायचं आणि जी वस्तू नदीवर जिथे लागणार, ती चादरीवर तिथे ठेवली जायची. छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणि लोकरीचे मोजे उगमापाशी, कारण तिथलं पाणी हाडात शिरणारं. मासे धरायची जाड काठी धबधब्याशी, मधली वळणावर, आणि तीन तुकड्यांत निघणारी, वेताच्या छडीइतकी बारीक काठी सगळ्यात खाली, डोहाशी.

सगळं मांडून झालं की बॅग भरायची, ती मात्र उलटी. सुरुवात डोहापासून. जे शेवटी लागणार ते तळाला. महिनाभर नदीच्या कडेने उतरत जायचं आणि बॅगही तशीच, वरून खाली, रिकामी होत जायची. "बॅगेत हात घालून जो उचकापाचक करतो," बाबा म्हणायचे, "त्याला मासा लांबूनच ओळखतो."

"माझी एकुलती एक धड चादर होती," आई असताना म्हणायची, "तीही वाहून गेली नदीत." म्हणायची आणि स्वयंपाकघरातून यायचं झालं तर चादरीला वळसा घालून यायची. पाण्यात पाय पडू नये म्हणून.

ही सगळी मांडामांड लहानपणापासून तिच्याकडे होती. तिच्याकडे म्हणजे लेकीकडे. बोटं बारीक, नजर तेज, म्हणून माश्या बांधायचं कामही तिचंच. ही मासेमारी गांडुळाची नव्हे, कणकेच्या गोळीचीही नव्हे. एवढासा गळ शिकंज्यात धरायचा, त्यावर पीस आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवायची, आणि ती पाण्यावर अशी अलगद टेकवायची, की माशाला वाटावं, आत्ताच कुणी दमून बसलंय. लागलेला मासा ओल्या हाताने सोडवायचा आणि परत पाण्यात सोडायचा. "मग जाता कशाला एवढं लांब?" असं लोक विचारत. बाबा म्हणत, "भेटायला."

लग्न झालं तरी तिची वारी चुकली नाही. नवरा याच घरात राहायला आला होता आणि स्वतःच सगळ्यांना सांगायचा, "मी घरजावई. सासरे नदीत असले की घराचा मालक." पण गेल्या वर्षी तिचं पोट पुढे आलं होतं आणि यंदा तेच पोट, ढब्बू नाव धारण करून, घरभर रांगत होतं. त्यामुळे यंदा बाबा आणि त्यांचे जुने मित्र ड्रायव्हरकाका, दोघंच जाणार होते. तिच्या वाट्याला फक्त चादरीवरची नदी.

त्या दिवशी दुपारी ढब्बूला झोपवून ती बाहेर आली तेव्हा चादर अंथरून झाली होती. तिला आधी वाटलं, खोलीच मोठी झाली. मग लक्षात आलं, चादर आखूड होती. दाराकडचं टोक बाबांनी आत दुमडून घेतलं होतं. नीट, इस्त्री केल्यासारखं.

"बाबा, डोह कुठे गेला?"

बाबा रीळ पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "यंदा नाही जात डोहाला. लांब पडतो."

"लांब?"

"वय झालं पोरी. मोठ्या वळणापर्यंत जाऊ आणि परत फिरू."

"आणि बारक्या माश्या?"

"त्या राहू देत घरी. कुठे ओझं वाढवतेस."

तिला हसूच आलं. बारक्या माश्यांचा अख्खा डबा हातावर ठेवला तरी कळायचं नाही की काही ठेवलंय. तिळाएवढ्या माश्या त्या, करड्या आणि काळ्या. डोहावर सूर्य कलला की पाण्यातून धुरासारखे किडे वर येतात, तेव्हा तिथले म्हातारे, मिजासखोर मासे दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाहीत. तोंडही पुरतं उघडत नाहीत. नुसतं पाण्याला चुंबल्यासारखं करतात. बाबा वर्षभर ज्याच्या गप्पा मारत, ते हे. धबधबा, वळण, खडक, हे सगळं जाता जाता. नदीला ते डोहासाठी जात.

आतून ढब्बूने हाक मारली होती. हाक कसली, सायरनच.

संध्याकाळी ड्रायव्हरकाका सामानाचा अंदाज घ्यायला आले. जन्मभर बस चालवलेला माणूस. अजूनही खोलीत शिरताना आधी मागे वळून बघायचे, सगळे आत आले का म्हणून. निघायला चार-पाच दिवस होते आणि जीपमध्ये काय मावेल याची त्यांना भारी चिंता.

"काका, यंदा डोहाला जात नाही म्हणे तुम्ही," ती चहा देता देता म्हणाली. बाबा खाली दुकानात होते.

"अगं मलाच कळेना! तुझ्या बापाचं काय बिनसलंय कुणास ठाऊक. मला म्हणतो, लांब पडतो. अरे, म्हटलं, अख्ख्या नदीत एक डोहच असा आहे जो रस्त्याला खेटून आहे. बाकी सगळीकडे पायपीट. जीपमधून उतरला की पाण्यात पडशील, एवढा जवळ." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "रुसला असेल एखाद्या माशावर. तो काय सांगणारेय थोडाच? चष्मेवाला माणूस. दुसऱ्याच्या डोळ्यात बघेल, आपल्या डोळ्यातलं दाखवणार नाही."

काका गेले. त्यांचं शेवटचं वाक्य मात्र तिच्याबरोबर राहिलं.

बाबांचं चष्म्याचं दुकान घराच्या पोटातच होतं. आतल्या जिन्याने उतरलं की मागच्या दाराने थेट काउंटरपाशी. आता अर्धाच दिवस उघडायचं. अर्ध्या गावाच्या नाकावर बाबांनी बसवलेल्या काचा होत्या. ती ढब्बूला कडेवर घेऊन त्यांना जेवायला बोलवायला उतरली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

बाबा खिडकीशी उभे होते. चष्म्यावर आणखी एक भिंग चढवलेलं. एका चिमटीत तिळाएवढी माशी, दुसऱ्या चिमटीत तंगुसाचा तुकडा, डोहावर वापरायचा, केसाहून बारीक, आणि पाण्यात दिसू नये म्हणूनच बनवलेला. गळाच्या टोकाला नेढं असतं, सुईला असतं तसं. त्यातून तंगूस ओवायचा आणि गाठ मारायची. बाबा ओवत होते. तंगूस नेढ्याच्या शेजारून गेला. पुन्हा नेला, पुन्हा शेजारून. मग वरून. मग बाबा थांबले, डोळे चोळले, दिव्याखाली गेले. तिथेही तेच. भिंगांना तिथे तोटा नव्हता, ड्रॉवर भरून होती. पण आता मधे आलेलं जे काही होतं ते काचेच्या अलीकडचं होतं.

त्यांनी माशी डबीत ठेवली. खोलीच्या मधोमध गेले, जिथे गिऱ्हाइकाला बसवायचे तिथे उभे राहिले, एका डोळ्यावर हात ठेवला आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लागले. वरच्या मोठ्या अक्षरापासून थेट शेवटच्या ओळीपर्यंत, मुंग्यांएवढ्या अक्षरांपर्यंत, घडाघडा. एकही चूक नाही.

चूक कशी होईल? तो तक्ता त्यांना सगळ्या गावाआधी पाठ झाला होता.

दुसरा डोळा झाकून पुन्हा वाचला. पुन्हा पैकीच्या पैकी. पण चेहऱ्यावर पास झाल्याचं काही दिसेना.

ढब्बूने तिच्या खांद्यात तोंड खुपसून आपला नेहमीचा एकाक्षरी शब्द पुटपुटला. ती आवाज न करता वर गेली, आणि मग जिन्यावर पाय आपटत, नव्यानेच आल्यासारखी, "बाबा, जेवायला चला हो!" असं ओरडत खाली उतरली.

रात्रीचं जेवण नेहमीसारखं झालं. बाबांनी जावयाला रिळाची फिरकी समजावून सांगितली. जावयाने दरवर्षीप्रमाणे ती न समजता मान डोलावली.

आता करायचं काय? "मी बरोबर येते" म्हणावं, तर ढब्बूला कुठे ठेवणार. "काकांकडून ओवून घ्या" म्हणावं, तर बाबा त्यापेक्षा नदीत उतरणंच सोडतील. आणि तसंही डोहावर माणसं लांब लांब उभी राहतात, एकेकटी, कमरेएवढ्या पाण्यात. मावळत्या उजेडात कुणाला हाक मारणार? मासे निघून जातील.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ढब्बूला थोपटत होती. पडद्यातून आलेला उजेड भिंतीवर हलत होता, पाण्याखालून वर बघावं तसा. तिला स्वतःलाच झापड यायला लागली होती. ढब्बूच्या तोंडातून चोखणी पडली, नाडीतून सुटून चादरीत कुठेतरी हरवली, आणि ढब्बूने ओठ काढले. तिने डोळे न उघडता चाचपून चोखणी शोधली, एका हाताने नाडीची कडी चोखणीच्या मुठीतून आत घातली, उरलेली नाडी कडीतून काढून ओढली. झालं. बसली घट्ट. दुसरा हात थोपटतच होता.

मग तिने डोळे उघडले आणि हाताकडे बघितलं. हा हात हे काम अंधारात, झोपेत, कूस बदलताना, कितीदा करत होता. त्याला डोळ्यांची गरज कधी पडली होती?

ढब्बू झोपताच ती उठली. खिडकीपाशी उंच टेबल होतं, रांगणाऱ्या कोणत्याही हाताच्या आवाक्याबाहेरचं. तिथे तिने बारक्या माश्यांचा डबा उघडला. नेढ्यातून तंगूस ओवायचा तो तिने ओवला, तिच्या डोळ्यांनी, दुपारच्या स्वच्छ उजेडात. गाठ मारली, थुंकी लावून आवळली. हातभर तंगूस ठेवून दुसऱ्या टोकाला बोटाचं पेर मावेल एवढी तंगुसाचीच कडी बांधली. बाबांच्या दोरीच्या टोकालाही तशीच एक कडी, थोडी जाड. आता ओवायचं काही नाही. कडीवर कडी चढवायची, माशी पलीकडच्या कडीतून काढायची, ओढायची. डोळे मिटून करून बघितलं. जमलं. पाठीमागे हात नेऊन केलं, तेही जमलं. मग एकटीच हसली.

पण अशा माश्या डब्यात टाकल्या तर पहिल्याच दिवशी त्यांचं मांजरीने खेळलेलं रेशीम होणार. कशावर तरी गुंडाळायला हव्या होत्या, मऊ, हलकं, गळ टोचून बसेल असं काहीतरी. तिने घर धुंडाळलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिच्या लग्नाआधीचे केस कुरळे करायचे फोमचे रूळ सापडले. गुलाबी. अगदी भडक.

नवरा बेकरीतलं काम आटोपून आला तेव्हा केसात पीठ, हातात पाव, आणि समोर बायको गुलाबी रुळांच्या ढिगात बसलेली.

"अगं बाई! कुणाचं लग्न?"

"हळू बोल, ती उठेल. माश्यांचं."

"माश्यांना कुरळे केस?"

"तू पाव ठेव आणि हे टोक धर."

त्याने धरलं. तिने त्याला सगळं सांगितलं नाही. नेढ्याचं सांगितलं, तक्त्याचं नाही. तक्ता तिच्या आणि बाबांच्यामधला होता, बाबांना माहीत नसलेला. नवरा टोक धरून राहिला. मग म्हणाला, "कुठली कुठली ते त्यांना कळणार कसं? काळी का करडी?"

खरंच की. तिने काळीच्या कडीजवळ एक गाठ मारली, करडीच्या कडीजवळ दोन, नखाला लागतील अशा.

"घरजावई कामाला येतो बरं का कधी कधी," नवरा म्हणाला.

"पाव आणायला तर येतोच."

ढब्बूच्या दुपारच्या डुलक्या कधी लांबत, कधी चिमणीच्या एका चिवचिवाटाने मोडत. त्या डुलक्यांच्या फटींतून तिचं काम चाललं. बोटांना जुनी चाल आठवत गेली. एकेक माशी गुंडाळताना तिला डोह दिसायचा. त्याच्यावरचा तो धूर, पलीकडच्या काठावरची ओणवी झाडं, बाबांच्या दोरीची हवेत सुटणारी लांब, सावकाश वेलांटी. ती इथे खिडकीशी बसून तिथे उभी होती. पायांना गार लागत होतं. मग आतून सायरन वाजायचा आणि ती काठावर यायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा बॅग घेऊन आले. आता मांडामांड संपून भरायला सुरुवात करायची. चादर अजून दुमडलेलीच होती. दुमडलेल्या कडेच्या पलीकडे, उघड्या फरशीवर, जिथे डोह असायला हवा होता, तिथे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकण घट्ट लावलेलं.

"हे काय?"

"बघा."

बाबांनी डबा गुडघ्यावर घेऊन झाकण काढलं. आत गुलाबी रुळांची रांग. त्यांनी डबा खिडकीकडे वळवून धरला.

"नदीला केशभूषा करायला चाललोय का मी?"

"ड्रायव्हरकाकांना दाखवू नका म्हणजे झालं. काळीला एक गाठ, करडीला दोन. नखाने बघायचं. कडीत कडी घालायची, बास. माझी ही चोखणी लावायची युक्ती आहे. मला दिवसभर एकच हात मोकळा असतो ना, म्हणून अशी सवय झालीय." ती भराभरा बोलत होती, आणि ते तिचं तिलाच कळत होतं. "पुढच्या वर्षी मलाच लागतील. ढब्बू पाठीवर असेल. तर आधी तुम्ही वापरून बघा, कडी सुटते का धरते. मला सांगा येऊन."

बाबांनी मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाच्या बघत तसं, जवळून, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या. काय दिसलं आणि किती दिसलं, कोण जाणे. ती नजर न हलवता बसून राहिली.

मग त्यांनी चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला. डब्यातून चाचपून एक रूळ उचलला, तंगूस सोडवला, कडीपाशी नख फिरवलं.

"करडी," ते म्हणाले.

उगमापाशी ठेवलेल्या रिळावरून दोरीचं टोक ओढून घेतलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, समोरच्या छपरांकडे, त्याहून लांब कुठेतरी. बोटं आपली आपण चालली होती. कडीवर कडी आली. माशी मागून फिरली. एक हलका हिसका, आणि गाठ बसली. पहिल्या खेपेलाच.

बाबांनी पुन्हा सोडवली. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा ओठांवर शीळ होती, ऐकू येईल न येईल अशी. जिने कितीक संध्याकाळी तिला पाण्यात उभं असताना सांगितलं होतं की बाबा अजून तिथेच आहेत, ती.

"धरते," बाबा म्हणाले. "चांगली धरते." आवाज जरा ओला होता. त्यांनी खाकरून तो वाळवला. "चोखणीची काय?"

"चोखणीची."

"आणि मी जन्मभर गाठी मारत बसलो."

माशी डब्यात गेली, झाकण पुन्हा घट्ट लागलं. मग बाबा गुडघ्यावर टेकले, दुमडलेली कड दोन्ही हातांनी धरली आणि झटकून उलगडली. निळं कापड हवेत फुगलं आणि सावकाश खाली आलं, दारापर्यंत. आतला भाग घडीत राहिल्यामुळे बाकीच्या चादरीपेक्षा थोडा गडद दिसत होता. डोह तसाच असतो.

ढब्बू उठली होती. तिला खाली सोडल्याबरोबर ती उगमापासून निघाली. आधी मोज्याची चव घेतली, मग धबधबा ओलांडला, मोठं वळण पार केलं, खडकांपाशी थबकली, आणि सरळ डोहात जाऊन बसली. तिथे कापडावर दोन्ही हात आपटायला लागली.

"अगं, मासे पळतील!" बाबा म्हणाले.

ढब्बूने आणखी जोरात आपटले.

बाबांनी बॅग जवळ ओढली. आता भरायची, डोहापासून. बारीक काठीचे तुकडे आधी, कापडी पिशवीत. मग बिस्किटांचा डबा. मग ते काहीतरी शोधत राहिले, इकडे तिकडे हात फिरवत. दोरीवर वाळत घातलेलं ढब्बूचं लोकरीचं टोपडं त्यांनी ओढून काढलं, छान घडी केली आणि डब्याशेजारी, अगदी तळाला ठेवलं.

"बाबा, ते तिचं आहे."

"ठाऊक आहे. एवढीही नजर गेली नाही माझी." बोलून गेले आणि क्षणभर थांबले. मग तसेच पुढे बोलायला लागले, मोजे गुंडाळत. "डोहाला संध्याकाळी वारा असतो. पोरीचे कान झाकलेले बरे. रस्ता पार काठापर्यंत जातो, ड्रायव्हरला विचार हवं तर. बेकरीच्या गाडीचं काय, पाव पोचवून झाले की दुपारनंतर रिकामीच असते ना ती?"

"लांब पडतो म्हणाला होतात."

"कोण म्हणालं?"

ती हसली. खडकांपाशी जाऊन तिथल्या वस्तू गोळा करायला लागली, एकेक करून बाबांच्या हातात द्यायला लागली, वळणाचं वळणाला, धबधब्याचं धबधब्याला. बॅग भरत वर येत होती. टोपडं केव्हाच खाली गेलं होतं, सगळ्यांच्या तळाशी. ते बाहेर निघायला अजून अख्खी नदी जायची होती.